बुंदीची दीडची पाळी

सोम. ५ जाने. लाईट – रात्र.
पंपाची लाईट साडेनऊला आली. उसाचा खालचा तुकडा भिजवला. दीडला घरी. बॅटरीचा उजेड कमी झालाय, सेल आणणे.
सुमन झोपलेली, भिंतीकडं तोंड करून. चुलीशेजारी भाकरी, पिठलं, दुधाची वाटी झाकून ठेवलेली. लग्न झाल्यापासून रात्रीच्या पाण्याला गेलो की असंच. आल्यावर कुणी काही विचारायचं नाही, आधी पोटात जाऊ द्यायचं, ही आमच्या घरची रीत.
बुंदी मांजर दारातच. कडी काढायच्या आत आतून ओरडायला लागली. घास दिला, गप.

गुरु. ८ जाने. लाईट – रात्र.
पाइप फुटला. चिखलात बसून रबर बांधलं. यायला पावणेतीन. शेजारच्या बबनच्या बांधावरून वळलो तर घरातून बुंदीचा आवाज. एवढ्या लांबून कसं कळतं हिला कुणास ठाऊक. एरवी मी उसात मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतो (सगळेच लावतात, बिबट्याला माणूस आहे हे कळावं म्हणून) पण त्या बांधाजवळ आलो की बंद करतो. सुमनची झोप मोडायला नको.
जेवताना बुंदी समोर बसून तोंडाकडं बघत राहते. समोर कुणी असताना एकट्यानं खायचं नाही हे आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलंय. दुधात कुस्करून दोन घास दिले. मांजर म्हणजे काय माणूस नव्हे, पण तोंड आहेच की.

सोम. १२ जाने. लाईट – दिवस.
आजपासून आठ दिवस पाणी दिवसा, रात्री माणसासारखी झोप. नऊला अंथरुणात.
कसली झोप. दीडला धडाड. बाईसाहेब पेटीवरून फ्रीजवर, फ्रीजवरून डब्यांच्या फळीवर, तिथून थेट माझ्या पोटावर. मग चार पायांवर सगळ्या घरात घोडदौड. मग दाराशी बसून जो काही सूर लावला की बबनच्या घरी ऐकू गेला असणार. तीन वाजले. सुमन उठून बसलेली, केस सुटलेले, छातीवर हात. म्हणाली, हे मांजर माझा जीव घेणार.

बुध. १४ जाने. लाईट – दिवस.
संक्रांत. सगळ्यांनी एकमेकांना गोड बोला म्हणून सांगितलं, बुंदीला कुणी सांगितलं नाही. रात्री दीडला तेच. पायाच्या अंगठ्याला चावली वर.
बबन तिळगूळ घ्यायला आला. म्हणाला, “राव, मांजर हाय, भायेर टाका रातचं.” त्याचा स्वतःचा कुत्रा दिवाळीत ओसरीवरून उचलून नेला बिबट्यानं, साखळी तेवढी राहिली. तरी माणूस दुसऱ्याला असा सल्ला देतो. मी तिळगूळ हातावर ठेवला. सणाचा दिवस.
पल्लवीचा पुण्याहून फोन. लेकीनं आईची चौकशी केली एक मिनिट, बुंदीची दहा. गणपतीत कांदाचाळीत सापडलं तेव्हा मुठीएवढं होतं, पाठीवर पिवळे ठिपके. नाव तिनंच ठेवलं आणि ती कॉलेजला निघून गेली. आता नाचतं ते आमच्या पोटावर.

शनि. १७ जाने. लाईट – दिवस.
आज वाईट झालं असतं. सकाळी सुमन कडबा-कुट्टीच्या मशीनवर वैरण लावत होती. उभ्या उभ्या डोळा लागला तिचा. बांगड्या पात्याच्या तोंडाला घासल्या तेव्हा जागी झाली. दोन फुटल्या. हाताला फक्त ओरखडा. मी गोठ्यातून धावलो तेव्हा ती खाली बसून हाताकडंच बघत होती.
मग तिनं आक्काला फोन लावला. आक्का माझी थोरली बहीण, निमगाव साव्याला असते. महाशिवरात्रीला ती भीमाशंकरला जाते तेव्हा वाटेत आमच्याकडं थांबतेच. ठरलं, दर्शनाहून परत जाताना पाटीत घालून बुंदीला घेऊन जाणार. त्यांच्या गोठ्यात उंदीर लई झालेत म्हणे.
आक्काच्या गोठ्याला दार नाही. दीड वर्षात तीन मांजरं बिबट्यानं नेली तिथून. मी सुमनला आठवण दिली. ती म्हणाली, “मला म्हाईत न्हाई व्हय? मंग माझा हात जाऊ द्या.”


सोम. १९ जाने. लाईट – रात्र.
पारगावच्या कारखान्याची तोड अजून आपल्याकडं आली नाही. टोळी म्हणते पंधरा दिवस. तोवर ऊस पाण्यावर ठेवायचा.
दीडला घरी. बुंदी दारात, पायात पायात. घास खाऊन निवांत झोपली. हीच का ती, असं वाटावं.

बुध. २१ जाने. लाईट – रात्र.
सुमन म्हणते या आठवड्यात मांजराचा त्रास नाही. सकाळी चेहरा जरा बरा होता. मला वाटलं बुंदी रुळली. महाशिवरात्रीचा विषय काढून बघितला. तिनं भाकरी थापता थापता नुसतं बघितलं. विषय बंद.

गुरु. २२ जाने. लाईट – रात्र.
आज लिहितोच. वरच्या तुकड्यात दारं मोडत होतो, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात. उसात मागं सळसळ झाली. मग थांबली. मी थांबलो की थांबायची. डुक्कर असेल, कोल्हा असेल. खोरं हातात घट्ट धरून तसाच उभा राहिलो, पाणी पायावरून वाहत गेलं, वाफा फुटला. दहा मिनिटं असेल किंवा दोन.
मला भीती वाटते. बावन्न वर्षांचा गडी, कुणाला सांगू? सुमनला सांगितलं तर तिची उरलीसुरली झोप जाईल. बबनला सांगितलं तर गावभर होईल.
बांधावर आलो, घरातून बुंदीचा आवाज आला आणि छातीवरचा धोंडा उतरला. आज तिला भाकरी नाही, सुकटाची आख्खी मूठ दिली. खाताना पाठीवरून हात फिरवत बसलो. माझ्यासाठी जागं असणारं घरात एवढंच आहे.

सोम. २६ जाने. लाईट – दिवस.
शाळेत झेंड्याला जाऊन आलो. रात्री दीडला घोडदौड. सुमन चारपर्यंत जागी.

मंगळ. २७ जाने. लाईट – दिवस.
गाईच्या लशीला डॉक्टर आले होते. चहा घेताना हळूच मांजराचं विचारलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत, त्यांच्या घरी दोन आहेत.
म्हणाले, मांजर हे शिकारीचं जनावर, तिन्हीसांजेला आणि पहाटे त्याच्या अंगात येतं. त्यात हे वय पोरकटपणाचं. दिवसभर गोणीवर लोळू देता, मग सगळा जोर रात्री निघणार. संध्याकाळी दोरी ओढून पळवा, दमवा, धाप लागू दे. मग पोटभर खायला घाला. शिकार केली, खाल्लं, अंग चाटलं की झोपतं. रात्री कितीही ओरडलं तरी उठायचं नाही. ओरडल्यावर मिळतं हे एकदा कळलं की संपलं. आणि मार्चमध्ये ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वेगळंच ओरडणं सुरू होईल.
शेवटी विचारलं, “रात्री कोण खायला देतं का?”
मी म्हणालो, छे, कोणी नाही.

शुक्र. ३० जाने. लाईट – दिवस.
तीन दिवस झाले. कांद्याच्या गोणीची सुतळी, टोकाला कोंबडीचं पीस. संध्याकाळी अंगणात मी पुढं, बुंदी मागं. बबन बांधावर उभा राहून बघत होता. बघू दे.
धापा टाकते, पोटभर खाते, नऊला झोपते. आणि दीडला बरोबर उठते, घड्याळ लावल्यासारखी. डॉक्टर गाईचे चांगले आहेत.
रात्री तिच्या गोंधळानंतर सुमनचा हात चाचपडत माझ्या दंडावर आला. ‘उठा, मांजराला हाकला’ म्हणणार म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं. हात थोडा वेळ राहिला, मग गेला.

रवि. १ फेब्रु. लाईट – दिवस.
महाशिवरात्रीला चौदा दिवस.
दुपारी खताची तारीख बघायला ही वही चाळत होतो. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, म्हणून लिहायची सवय लागली. लाईट मात्र दरवेळी न चुकता लिहितो. वाचता वाचता थांबलो. रात्रीची लाईट, बुंदी शहाणी. दिवसाची लाईट, बुंदी पिसाळलेली. परत रात्रीची, शहाणी. परत दिवसाची, पिसाळलेली.
आणि रात्रीच्या लाईटीखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, घास दिला. दोन घास. घास खाऊन. सुकट.
डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं आणि मी सरळ छे म्हणालो. खोटं बोललो नाही. घास म्हणजे खायला घालणं हे डोक्यातच आलं नाही. आठ दिवस दीडच्या ठोक्याला जेवायला द्यायचं आणि नवव्या दिवशी तोंडावर पांघरूण घ्यायचं. तिनं काय करावं? लाईटीची पाळी बदलली हे तिला कुणी सांगितलं?
मांजर बिघडलं नव्हतं. मीच तिला पाळी लावून दिली होती.
सुमनला दाखवलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. २२ तारखेचं पान मी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. एवढंच म्हणाली, “म्हंजी माझा हात तुमच्या घासापायी जात व्हता.” वही मिटून गोठ्यात गेली. पण रात्री बुंदीसाठी वेगळी वाटी काढली.

सोम. २ फेब्रु. लाईट – रात्र.
नवा कायदा. साडेआठला सुतळी, नऊला तिचं जेवण, मग मी पाण्यावर. आल्यावर घास नाही, बोलणं नाही, बघणं नाही.
दीडला आलो. दारात ओरडत होती. मी भिंतीकडं तोंड करून जेवलो. मांडीवर पंजा ठेवला. नखं न काढता, नुसता मऊ.

बुध. ४ फेब्रु. लाईट – रात्र.
आधीपेक्षा जास्त ओरडते. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सोडून द्यायच्या आधी असंच करतं, हक्क मागून बघतं, आता दिलात तर सगळं फुकट. दिलं नाही. पण गोठ्यात जाऊन जेवलो. स्वतःच्या घरात चोरासारखं.

शनि. ७ फेब्रु. लाईट – रात्र.
आज दारात आली, एकदाच म्याव केलं, मी कडी लावेपर्यंत परत गोणीवर. सुमनला सकाळी सांगितलं, तर म्हणाली बरं झालं. तोंडावर आनंद दिसला नाही. झोप झाली नसेल.

मंगळ. १० फेब्रु. लाईट – दिवस.
दीडला उठली. घरात एक चक्कर. दाराशी बसली. मी जागा, सुमन जागी, कुणी हललं नाही. परत झोपली. आम्हीही.

गुरु. १२ फेब्रु. लाईट – दिवस.
सलग दोन रात्री काही नाही. पाच वाजता सुमनला हलवून उठवावं लागलं. तिला हलवून उठवल्याचं मला आठवत नाही कधी.
पल्लवीला फोनवर सांगितलं. म्हणाली, बाबा, तुम्ही वही लिहिता म्हणून बुंदी वाचली. मी म्हणालो, वही लिहितो म्हणून नाही, वाचली म्हणून.

रवि. १५ फेब्रु. लाईट – दिवस.
महाशिवरात्र. पहाटेचं दर्शन आटोपून आक्का आठलाच आली, जीपमध्ये आठ बायका, हातात पाटी आणि वर बांधायला जुनं लुगडं. उपासाचं म्हणून सुमननं रताळी उकडली होती. बुंदी पाटीत स्वतःहून जाऊन बसली, मूर्ख. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. निर्णय सुमनचा, हात तिचा.
सुमन आली, बुंदीला मानेला धरून उचललं आणि पाटीत दहा किलो कांदे घातले. आक्काला म्हणाली, हे मांजर आता रातचं झोपतं, तुमच्या उंदरांना काय करणार? आक्का हसली. मी उगाच गाईला पाणी पाजायला गेलो. डोळे भरून आले होते, गाईनं बघितलं तर चालतं.

सोम. १६ फेब्रु. लाईट – रात्र.
तोड अजून नाही. पाणी. सगळं नीट. दीडला बांधावर आलो, गाणी बंद केली. घरातून आवाज नाही. कडी काढली, आत अंधार. बुंदी सुमनच्या पायाशी गोधडीवर. एक डोळा उघडला, मिटला. शिकली.
जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. सवयीनं घास कुस्करला आणि हातातच राहिला.
मग मागून, अंधारातून, “कोण हाय?” सुमन. हातात काठी. मी म्हणालो, मी हाय. तर ती काठीसकट खाली बसली. म्हणाली, साडेतीन वाजले असतील, तुमी आलाच न्हाई वाटलं. घड्याळात एक चाळीस झाले होते.

मंगळ. १७ फेब्रु. लाईट – रात्र.
सकाळी चहा करताना बोलली. पाठमोरीच. जसं बोलली तसं लिहून ठेवतो.
“मी कवा झोपते वाटतं तुमाला? तुमी उसात आसताना? ती दाराकडं पळाली, वरडली, की मला कळायचं तुमी बांधावर आलात. मंग मी झोपायची.”
मी म्हणालो, आणि दिवसाच्या लाईटीत?
“तवा बी ती पळायची दाराकडं. मला वाटायचं तुमी भायेरच हायत. हात लावून बघायची, अंथरुणात हायत का. मंग कुटली झोप.”
म्हणजे तो हात. मी सोंग घेऊन पडलो होतो.
सव्वीस वर्षं ती भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेते. मी उसात घरची काळजी करत बसू नये म्हणून. पूर्वी बांधावरच्या दगडावर माझी चप्पल वाजली की तिला कळायचं, आता कानाला तेवढं लांबचं ऐकू येत नाही. आणि गाणी मी बंद करायचो, तिच्या झोपेसाठी.
म्हणालो, गाणी दारापर्यंत चालू ठेवतो. तर म्हणाली, “मोबाईल उसात पडला तरी वाजत ऱ्हातोय. मांजर तुमाला वळखतं.”
मग मीही सांगितलं, २२ तारखेचं, वाफा फुटला ते. पान उघडून दाखवलं. तिनं वाचलंच नाही. “म्हाईतंय की. गाणी येवढ्या मोठ्यानं उगंच लावता व्हय.”
चहा उतू गेला. दोघांनी अर्धा अर्धा कप घेतला.

शुक्र. २० फेब्रु. लाईट – रात्र.
मंगळवारपासून काही लिहिलं नाही, तीन रात्री सारख्याच. आजचं लिहितो.
बांधावर वळलो आणि घरातून बुंदी ओरडली. तोच जुना आवाज. दार उघडलं तर पायात. माझ्या ताटाशेजारी तिची वाटी, दुधात भाकरी कुस्करून, वर झाकण. मंगळवारपासून रोज सुमनच ठेवते, मी नाही. तीन आठवडे शिकवलेलं तीन रात्रीत मातीत.
हातपाय धुऊन येईस्तोवर सुमन घोरायला लागली होती. उताणी, तोंड उघडं, एक हात गोधडीबाहेर. आता कळलं, खरी झोपलेली सुमन भिंतीकडं तोंड करत नाही. ताट तसंच ठेवून बराच वेळ बघत बसलो. बुंदीनं तेवढ्यात माझं पण दूध संपवलं.
डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं ते बघू. ऑपरेशनची तारीख घ्यायची आहेच.
सोमवारी लाईट दिवसाची. मांजराला वार कळत नाहीत, दीडला ती उठणार आणि दाराकडं पळणार. सकाळी सुमनला कुट्टीवर उभं राहायचं असतं. पुढच्या आठवड्यात कुट्टी मी करीन. आणि रात्री दीडच्या आधी जागा होऊन तिच्या अंगाला लागून बसायचं ठरवलंय. हात चाचपडत आला तर लगेच सापडायला पाहिजे.